स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि आवश्यक मेदाम्ले

वजन कमी करण्यासाठी जठर व आतड्यांवर शस्त्रक्रिया करून घेतलेली व्यक्ती घरी परतली की, घरची मंडळी बहुधा पहिली खबरदारी घेतात ती तेल-तुपाची. भाजीला फोडणी नको, शेंगदाण्याची चटणी नको, जवस-तीळ तर नकोच नको. ज्या मेदापायी एवढा खटाटोप करावा लागला, तो पुन्हा पोटात जाऊ नये, हा त्यामागील सरळ हिशेब असतो. हा हिशेब सद्‌हेतूने केलेला असला, तरी तो अपुरा आहे. शरीरास नको असलेला मेद आणि शरीरास आवश्यक असलेला मेद या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंगावर मेदाचा भरपूर साठा असतानाही विशिष्ट मेदाम्लांची उणीव राहू शकते आणि शस्त्रक्रियेनंतर ती उणीव वाढण्याचा संभव असतो. ही बाब रुग्णाने, त्याच्या कुटुंबाने आणि गावपातळीवर आरोग्याचे काम पाहणाऱ्या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

शहरापुरता न राहिलेला प्रश्न

स्थूलता हा सुखवस्तू शहरी वर्गाचा विकार आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे ही समजूत खोडून काढतात. २००५-०६ च्या पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ९ टक्के व्यक्ती अतिवजन अथवा स्थूलता या सदरात मोडत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण स्त्रियांत २४ टक्के आणि पुरुषांत सुमारे २३ टक्के आढळले. त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. म्हणजे एकाच तालुक्यात, किंबहुना एकाच गावात, कुपोषणाची ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत आहेत.

वजनाचे हे मोजमाप एका साध्या सूत्राने केले जाते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, त्यास डॉक्टर बी.एम.आय. म्हणतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे १०२ किलोग्रॅम असल्यास हा अंक ४० येतो. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या निकषांनुसार हा अंक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जात असे. २०२२ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे निकष शिथिल केले. आशियाई लोकांत कमी वजनावरही मधुमेहादी विकार जडतात, हे ध्यानी घेऊन त्यांच्यासाठी आणखी खालची मर्यादा सुचविण्यात आली. भारतात विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्याच्या पॉलिसींतील अपवादांना प्रमाणित स्वरूप दिले. त्यात ठरावीक अटी पूर्ण होत असतील, तर स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च केवळ ती स्थूलतेवरील आहे म्हणून नाकारता येणार नाही, अशी व्यवस्था झाली. परिणामी ही शस्त्रक्रिया मूठभर धनिकांपुरती न राहता शिक्षक, कर्मचारी, व्यापारी आणि बागायतदार कुटुंबांपर्यंत पोहोचू लागली आहे. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यासारख्या शहरातील रुग्णालयात होते; पुढील सारे आयुष्य मात्र गावात व्यतीत व्हावयाचे असते. आहाराचा प्रश्न उभा राहतो तो येथे.

आवश्यक मेदाम्ले म्हणजे काय?

तेल, तूप, लोणी, दाण्यांतील स्निग्धांश हे सारे पदार्थ मुख्यत्वे मेदाम्लांचे बनलेले असतात. यांपैकी बहुतेक मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. पिठूळ व गोड पदार्थ अतिरिक्त झाले की त्यांपासूनही मेद बनतो. परंतु दोन मेदाम्ले अशी आहेत की जी मानवी शरीरास मुळीच बनविता येत नाहीत. त्यांतील एक ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल आणि दुसरे ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल होय. ती अन्नातूनच मिळावी लागतात, म्हणून त्यांस आवश्यक मेदाम्ले असे म्हणतात.

शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात या आम्लांपासून बनलेले घटक असतात. त्वचेतून पाणी निसटू न देणारा थर लिनोलेइक आम्लावाचून बनत नाही. मेंदू आणि डोळ्यातील दृष्टिपटल यांना ओमेगा-३ गटातील लांब साखळीची आम्ले लागतात. जखम भरून येणे, रक्त गोठणे, सूज येणे व ती उतरणे या क्रियांचे नियमन करणारी द्रव्येही याच आम्लांपासून तयार होतात.

गरज मात्र अल्प असते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००८ साली केलेल्या विचारविनिमयानुसार प्रौढ व्यक्तीच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे अडीच टक्के उष्मांक लिनोलेइक आम्लापासून आणि अर्धा टक्का अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून मिळावेत. दररोज दोन हजार उष्मांकांचा आहार धरल्यास हे प्रमाण अनुक्रमे साडेपाच ग्रॅम व सुमारे एक ग्रॅम इतके होते. एक चमचाभर तेलाची ही गोष्ट आहे. परंतु तो चमचा कोणत्या तेलाचा आणि तो शरीरात कितपत जिरतो, यावर सारे अवलंबून राहते.

संशोधनाचा मागोवा

या विषयाच्या इतिहासातील तीन महत्त्वाचे टप्पे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात घडले, हा योगायोग लक्षणीय आहे. १९२९ साली तेथील विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे वगळलेला आहार दिला. बाकीची पोषणद्रव्ये पुरेशी असतानाही उंदरांची वाढ खुंटली, त्वचा व शेपटी खवल्यांनी भरली आणि अखेरीस ते दगावू लागले. विशिष्ट मेदाम्लाचे काही थेंब देताच त्यांची प्रकृती सुधारली. स्निग्ध पदार्थ हे केवळ इंधन नव्हे, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

दुसरा टप्पा १९५४ सालचा. त्याच विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याच्या वेगवेगळ्या भागांचे पोषणातील महत्त्व कुत्र्यांवर प्रयोग करून तपासले. आतड्याचा वरचा अर्धा भाग काढला तरी वजनावर फारसा परिणाम होत नाही. खालचा अर्धा भाग काढल्यास मात्र स्निग्धांशाचे शोषण बिघडते आणि वजन घटते, असे त्यांना आढळले. याच निरीक्षणाच्या आधारे स्थूल व्यक्तींच्या आतड्याचा मोठा भाग वळसा घालून बाजूस ठेवण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. वजन उतरत असे; पण अतिसार, मूतखडे, यकृताची हानी आणि कुपोषण असे गंभीर परिणाम दिसू लागल्याने १९८० च्या सुमारास ती पद्धत मागे पडली.

तिसरा टप्पा १९८२ चा. मेदाम्लांचे अभ्यासक राल्फ होलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीची हकीकत त्या वर्षी प्रसिद्ध केली. अपघाती दुखापतीत आतड्याचा बराचसा भाग गमावल्यामुळे तिला शिरेवाटे पोषण दिले जात होते. त्या पोषणातील स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. करडईत लिनोलेइक आम्ल विपुल असते, अल्फा-लिनोलेनिक आम्ल मात्र जवळजवळ नसतेच. काही महिन्यांतच मुलीच्या हातापायांना मुंग्या येणे, अशक्तपणा, पाय दुखणे, दृष्टी अंधुक होणे अशी लक्षणे दिसू लागली. करडईऐवजी दोन्ही आम्ले असलेले सोयाबीनचे तेल देताच ती नाहीशी झाली. एक आवश्यक मेदाम्ल कितीही मुबलक मिळाले, तरी ते दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, हा या घटनेचा धडा आहे. ज्या प्रदेशात करडई पिढ्यान्‌पिढ्या पिकते, त्या प्रदेशाने तो विशेष लक्षात ठेवावयास हवा.

शस्त्रक्रियेने पचनात काय फरक पडतो?

तेलकट ताट नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही. त्यास साबण लागतो. स्निग्धांशाच्या पचनाचेही तसेच आहे. यकृतातून येणारा पित्तरस साबणाचे काम करतो आणि तेलाचे बारीक कण करतो. स्वादुपिंडातून येणारा पाचकरस या कणांतील मेदाम्ले सुटी करतो. मग लहान आतड्याची भिंत ती शोषून घेते. अन्न, पित्तरस व स्वादुपिंडाचा रस हे तिघे एकत्र येणे आणि त्यांच्या मिश्रणास आतड्याची पुरेशी लांबी मिळणे, या दोन गोष्टी त्यासाठी आवश्यक असतात. शस्त्रक्रियेचे निरनिराळे प्रकार या दोन गोष्टींत कमी-अधिक बदल करतात.

पहिला प्रकार स्लीव्ह शस्त्रक्रियेचा. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून उरलेल्या भागास नळीचा आकार दिला जातो. आतड्यास हात लावला जात नाही. म्हणून येथे शोषणापेक्षा खाण्याचे प्रमाण घटणे हेच उणिवेचे प्रमुख कारण ठरते.

दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपासचा. ही पद्धत आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ साली सुरू केली. आज तिच्या रूढ स्वरूपात जठराची सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्यास जोडतात. अन्न आतड्याच्या आरंभीच्या भागास वळसा घालून जाते आणि पित्तरस त्यास पुढे, बऱ्याच अंतरावर भेटतो. भारतात रूढ झालेल्या एकाच जोडाच्या बायपासमध्ये हा वळसा बहुधा आणखी लांब असतो.

तिसरा प्रकार इटलीतील जेनोवा येथील निकोला स्कोपिनारो यांनी १९७० च्या दशकात विकसित केला. त्यात अन्न व पित्तरस यांची भेट आतड्याच्या अगदी शेवटच्या ५० सेंटिमीटरांत होते. मूळ आतडे कित्येक मीटर लांबीचे असते, हे ध्यानात घेतल्यास त्या तुटपुंज्या अंतरात किती स्निग्धांश शोषला जाईल, याची कल्पना येते. खाल्लेल्या स्निग्धांशाचा मोठा भाग मलावाटे निघून जातो आणि त्याच्यासोबत अ, ड, ई व के ही स्निग्धांशात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात. नंतरच्या काळात या पद्धतीत सुधारणा होऊन शेवटचा भाग सुमारे १०० सेंटिमीटरांपर्यंत वाढविण्यात आला. ही शस्त्रक्रिया तुलनेने कमी लोकांवर केली जाते.

थोडक्यात, वळसा जितका लांब, तितका मेदाम्लांच्या तुटीचा धोका अधिक. म्हणून आपली शस्त्रक्रिया नेमकी कोणत्या प्रकारची झाली, हे रुग्णास ठाऊक असणे आणि तशी नोंद असलेला कागद त्याच्याजवळ असणे अत्यंत आवश्यक आहे.

अंगावरील साठा कितपत कामी येतो?

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. स्थूल व्यक्तीच्या अंगावर मेदाचा एवढा साठा असताना मेदाम्लांची उणीव कशी भासेल?

या शंकेचे उत्तर साठ्याच्या घडणीत आहे. शरीरात साठलेल्या मेदात लिनोलेइक आम्लाचा वाटा आहारानुसार साधारणतः दहा ते वीस टक्के असतो. अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा वाटा मात्र एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आहार फारच थोडा असल्याने शरीर हा साठा जाळू लागते. दिवसाला १०० ग्रॅम मेद मोकळा झाला असे धरले, तर त्यातून दहा ते वीस ग्रॅम लिनोलेइक आम्ल रक्तात येते. अल्फा-लिनोलेनिक आम्ल फार तर एक ग्रॅमभर येते. त्यांतीलही बराचसा भाग इंधन म्हणून जळून जातो. यावरून दोन निष्कर्ष निघतात. वजन झपाट्याने उतरत असताना लिनोलेइक आम्लाची उणीव सहसा लवकर जाणवत नाही. परंतु ओमेगा-३ गटाची बाजू आरंभापासूनच लंगडी राहते. दुसरे असे की, साधारण वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिरावते, तेव्हा साठ्यातून होणारा हा पुरवठा थांबतो. त्यानंतर शरीर पूर्णपणे ताटावर अवलंबून असते. नेमक्या याच सुमारास रुग्ण स्वतःस बरा समजून तपासणीस जाण्याचे टाळू लागतो.

साठा असूनही उणीव कशी येते, याचे दुसरे उदाहरण शिरेवाटे पोषणाच्या इतिहासात सापडते. १९७० च्या आसपास अमेरिकेत अनेक रुग्णांना स्निग्धांशविरहित, केवळ साखर व प्रथिने असलेले द्रावण अहोरात्र दिले जात असे. सतत मिळणाऱ्या साखरेमुळे रक्तात इन्सुलिन वाढलेले राही आणि इन्सुलिन साठ्यातील मेद मोकळा होऊ देत नाही. परिणामी अंगावर मेद असूनही काही आठवड्यांतच त्वचा कोरडी व खवलेदार होणे, केस गळणे, जखमा न भरणे अशी लक्षणे दिसत. कोठार भरलेले असले, तरी त्याचे दार बंद असल्यास घरात धान्य नसल्यासारखेच होते.

रक्तातील पातळी आणि तिची तपासणी

कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड दाखविणारी नेहमीची रक्ततपासणी अनेकांच्या परिचयाची आहे. तिच्यावरून आवश्यक मेदाम्लांची पातळी कळत नाही. कोलेस्टेरॉल उत्तम असूनही ही आम्ले कमी असू शकतात. त्यांच्या मोजणीसाठी रक्तातील मेदाम्ले वायुवर्णलेखन या पद्धतीने एकेक करून अलग करावी लागतात. रक्तद्रवातील प्रमाण अलीकडच्या आहाराप्रमाणे बदलते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असल्याने त्यांच्या आवरणातील प्रमाण गेल्या काही महिन्यांची स्थिती दाखविते.

तुटीची एक खूण राल्फ होलमन यांनी १९६० साली सुचविली. लिनोलेइक आम्ल मिळेनासे झाले की, शरीर दुसऱ्या मेदाम्लापासून एक पर्यायी आम्ल तयार करते. जेम्स मीड या शास्त्रज्ञाच्या नावावरून ते मीड आम्ल म्हणून ओळखले जाते. त्याचे प्रमाण वाढले आणि लिनोलेइकपासून बनणाऱ्या अॅराकिडोनिक आम्लाचे प्रमाण घटले, म्हणजे तूट निर्माण झाली असे समजतात.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतील या पातळ्यांचे अनेक अभ्यास झाले आहेत. शस्त्रक्रियेचा प्रकार, पूर्वीचा आहार आणि मोजणीची पद्धत यांतील फरकामुळे त्यांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. त्यामुळे अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक रुग्णाची ही तपासणी सरसकट करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले. ही तपासणी खर्चाची असून ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. लांब वळशाची शस्त्रक्रिया झालेल्या, किंवा तुटीची लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर तिचा विचार करतात. इतरांच्या बाबतीत योग्य आहार आणि लक्षणांवर बारीक नजर हाच खरा उपाय होय.

लक्षणांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळणे सर्रास आढळते. त्याचे कारण बहुधा झपाट्याने उतरणारे वजन आणि प्रथिने, लोह किंवा जस्त यांची कमतरता हे असते. प्रत्येक लक्षणाचे खापर मेदाम्लांवर फोडून बाजारातील गोळ्या आणून खाणे इष्ट नव्हे. सतत कोरडी व खवले सुटणारी त्वचा, न भरणाऱ्या जखमा, पाण्यावर तरंगणारा तेलकट व दुर्गंधीयुक्त मल, रातांधळेपणा, हातापायांना मुंग्या यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. वारंवार उलट्या होत असल्यास तर एक दिवसही दवडू नये. अशा वेळी ब-१ जीवनसत्त्वाची तूट होऊन मज्जासंस्थेस काही आठवड्यांतच इजा पोहोचू शकते.

ताटात काय असावे?

शस्त्रक्रियेनंतर प्रथम पातळ, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे घट्ट अन्न, असा क्रम ठेवतात. जठर लहान झालेले असल्याने प्रत्येक घासास महत्त्व येते. त्यात पहिला मान प्रथिनांचा. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्यानंतर उरलेल्या थोड्या जागेत स्निग्धांश बसवावयाचा असल्याने तो निवडून घ्यावा लागतो. तळलेले पदार्थ, वनस्पती तूप आणि मिठाई यांतून उष्मांक भरपूर, पण आवश्यक मेदाम्ले अत्यल्प मिळतात.

या दृष्टीने आपल्याकडील तेलबियांची तुलना उद्‌बोधक ठरेल. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. कारळ्याच्या तेलातही ते निम्म्याहून अधिक असते. शेंगदाण्याच्या तेलात ते साधारण पाव ते एक-तृतीयांश भरते. या तिन्ही तेलांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल नगण्य असते. सोयाबीनच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे निम्मे आणि अल्फा-लिनोलेनिक सुमारे सात टक्के असते. जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या घरात जाते. वनस्पतिजन्य अन्नात एवढे प्रमाण क्वचितच आढळते. खोबरेल व तूप यांत दोन्ही आम्ले फारच थोडी असतात.

दोन चहाचे चमचे करडईचे तेल आणि एक मोठा चमचा जवसाची पूड, एवढ्यात प्रौढ व्यक्तीची दोन्ही आम्लांची दैनंदिन गरज हिशेबाने भागते. लांब वळशाच्या शस्त्रक्रियेत यातील काही भाग वाया जातो, म्हणून प्रत्येक रुग्णासाठी नेमके प्रमाण आहारतज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते. एकाच तेलावर विसंबून न राहता तेले आलटून पालटून वापरावीत, हा हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला येथेही लागू पडतो.

जवसाच्या बाबतीत दोन पथ्ये पाळावीत. अखंड जवस बव्हंशी न पचताच बाहेर पडतो, म्हणून तो किंचित भाजून कुटावा. त्याचे तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून पूड थोडी थोडी करून झाकणाच्या डब्यात ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघरी असतेच. रुग्णासाठी तिखट कमी करून ती वरणात किंवा दह्यात कालवून देता येईल. शरीर जवसातील आम्लापासून मेंदूस उपयोगी पडणारी लांब साखळीची आम्ले थोड्याच प्रमाणात बनवू शकते. जे मासे खातात त्यांना ती बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून थेट मिळतात. किनारपट्टीवरील कुटुंबांना हा पर्याय सहजसाध्य आहे.

आहारातील मोजक्या स्निग्धांशाचा आणखी एक उपयोग आहे. वजन वेगाने उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. जेवणात थोडा स्निग्धांश असेल, तर पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते आणि खडे होण्याची शक्यता कमी होते. तेल संपूर्ण बंद करण्याचा अट्टाहास येथेही अहितकारक ठरतो.

गावपातळीवर करता येण्यासारखे

शस्त्रक्रिया हा उपचाराचा आरंभ असतो. त्यानंतर तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे आयुष्यभर दरवर्षी तपासणी करावयाची असते. रक्तातील लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पाहून पूरक गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. जस्त व लोह यांची तूट राहिल्यास मिळालेल्या मेदाम्लांचे पुढील रूपांतरही नीट होत नाही. एक उणीव दुसरीला वाढविते. मोठे रुग्णालय दूर असले, तरी यांपैकी बऱ्याच तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात. त्यासाठी रुग्णाने शस्त्रक्रियेचा कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना पूर्ण कल्पना द्यावी.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत ही काळजी दुपटीने घ्यावयास हवी. शस्त्रक्रियेनंतर किमान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. गर्भाच्या मेंदूची व दृष्टीची घडण मातेकडून मिळणाऱ्या मेदाम्लांवर अवलंबून असते, आणि मातेच्याच शरीरात त्यांची चणचण असेल तर दोघांनाही तोशीस पडते. गरोदरपणाची नोंद करताना पोटावर पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे काय, हा एक प्रश्न आशा कार्यकर्तीने किंवा आरोग्यसेविकेने आवर्जून विचारला, तर पुढील अनेक अडचणी टळतील.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभेत हा विषय पोषणाच्या चर्चेचा भाग म्हणून घेता येईल. शाळेत स्निग्ध पदार्थांचा पाठ शिकविताना परिसरातील तेलबियांची उदाहरणे दिल्यास विद्यार्थी ती माहिती घरी नेतील. कार्यालयात किंवा शाळेत शस्त्रक्रिया झालेला सहकारी असेल, तर त्याला थोडे थोडे व वारंवार खाण्याची मुभा आणि तपासणीसाठी रजा मिळावी, इतके सहकार्य वरिष्ठांना सहज करता येईल. समारंभातील पंगतीत त्यास आग्रह करू नये, हेही सहकार्यच होय.

शस्त्रक्रियेने अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो, सांध्यांवरील भार हलका होतो आणि आयुष्य वाढते. हा लाभ टिकवावयाचा, तर घटलेल्या वजनाबरोबरच पेशींना लागणारे पोषणही मोजले गेले पाहिजे. काट्यावरील आकडा घरातील सर्वांना दिसतो. रक्तातील मेदाम्लांची पातळी दिसत नाही. तिची काळजी रोजच्या स्वयंपाकघरात, मोजून घातलेल्या चमचाभर तेलाने आणि कुटलेल्या जवसाने घ्यावयाची आहे.